‘इंटरनॅशनलायझेशन’ हा शब्द तोडायचा कोठे?

प्रश्न : खानापूरच्या बाई

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. आमच्या मुलांच्या घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी असा तीन भाषांचा रोजचा वावर असतो. दहावीच्या सरावात दोन प्रकारचे प्रश्न आम्ही नेहमी करून घेतो : दिलेल्या शब्दात किती सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आहेत ते ओळखणे, आणि मूळ शब्दाला उपसर्ग किंवा प्रत्यय लावून नवा शब्द घडवणे. ‘टीचर’, ‘अनहॅपी’, ‘काइंडनेस’ असे शब्द असतात तोवर अडचण येत नाही. एका उताऱ्यात मात्र ‘इंटरनॅशनलायझेशन’ हे नाम आले आणि त्या एका शब्दाची निरनिराळी उत्तरे पुढे आली.

काही मुलांनी शब्द देवनागरीत लिहून त्याची अक्षरे मोजली आणि ११ असे उत्तर दिले. काहींनी ‘इंटर’, ‘नॅशनल’ आणि ‘आयझेशन’ असे ३ तुकडे केले. शब्दकोशात मध्ये ठिपके देऊन या शब्दाचे ८ भाग दाखवलेले आहेत. माझ्या एका सहकारी शिक्षकांचे म्हणणे असे, की इंग्रजी बातम्यांतील उच्चार लक्ष देऊन ऐकला तर ७ च भाग भरतात.

मुलांना केवळ आकडा सांगून हा विषय मिटवावा असे मला वाटत नाही. ज्यांनी ३ तुकडे केले, त्यांनी शब्दातील काहीतरी महत्त्वाचे नक्की ओळखले आहे, परंतु ते सिलेबल नव्हेत. मग ते तुकडे कशाचे आहेत, सिलेबलच्या तुकड्यांशी ते जुळत का नाहीत, आणि ‘नेशन’मधला ‘ने’ हा ‘नॅशनल’मध्ये ‘नॅ’ कसा होतो, हे मुलांना पटेल अशा रीतीने सांगायचे तर कोठून सुरुवात करावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर : टिळकवाडीचे निवृत्त प्राध्यापक

बाई, सुरुवात ११ म्हणणाऱ्या मुलांपासून करावी, कारण त्यांच्या उत्तरापासून ८ पर्यंतची वाट सर्वांत सरळ आहे. देवनागरीतील अक्षर हे लिहिण्याचे एकक आहे, तर सिलेबल हे उच्चाराचे. प्रत्येक सिलेबलच्या मध्यभागी एक स्वर असतो आणि त्या स्वराच्या मागेपुढे व्यंजने असतात. तेव्हा कानाला जितके स्वर ऐकू येतात तितके सिलेबल. मुलांनी लिहिलेली अक्षरे अशी : इं, ट, र, नॅ, श, न, ला, य, झे, श, न. यांतील ‘र’, ‘य’ आणि अगदी शेवटचा ‘न’ यांच्यातील ‘अ’ आपण लिहितो, पण उच्चारत नाही. ती तीन व्यंजने आपापल्या आधीच्या स्वराला चिकटतात आणि इन्-टर्-नॅ-श-न-लाय्-झे-शन् असे ८ सिलेबल उरतात. मुलांना ११ वरून ८ वर आणताना त्यांची मोजणी चुकली असे न सांगता, कोणते स्वर कागदावर आहेत पण तोंडात नाहीत ते शोधायला लावावे.

रोमन लिपीतही हाच पडताळा घेता येतो. या शब्दात २० अक्षरे आहेत आणि त्यांपैकी स्वरचिन्हे १०. तरीही सिलेबल ८ च, कारण ‘शन’ या उच्चारासाठी टी, आय, ओ, एन ही जी चार अक्षरे लिहितात, त्यांतील आय आणि ओ मिळून एकच स्वर ऐकू येतो, आणि हा ‘शन’ शब्दात दोनदा आला आहे.

आता ७ चा प्रश्न. आपले सहकारी योग्य तेच ऐकत आहेत. ‘नॅशनल’मधला मधला स्वर इतका दुर्बळ आहे, की भरभर बोलताना तो गळून ‘नॅश्-नल्’ असे होते. उच्चार देणारे शब्दकोश हा स्वर ऐच्छिक असल्याचे दाखवतात. संथ उच्चारात ८ आणि चालत्या बोलण्यात ७, अशी ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत.

वर्गात हे शिकवण्यासाठी मराठीच्या तासाला शिकलेले लघू-गुरू कामी आणावेत, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर आघात आल्यास गुरू होते, हा नियम मुले पाठ करतात, पण तो का, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. ‘सत्य’ हा शब्द उच्चारताना त् हा मागच्या ‘स’ला जाऊन मिळतो आणि ‘सत्-य’ असे दोन भाग होतात. ‘स’ व्यंजनाने बंद झाल्यामुळे जड होतो आणि म्हणून गुरू. म्हणजे हा नियम सिलेबलच्या विभागणीचाच नियम आहे. ‘जगत्’मधला पाय मोडलेला त् स्वतंत्र मोजत नाहीत, तेही याच कारणाने. ज्या मुलाला भुजंगप्रयाताच्या चरणातली १२ अक्षरे पाडता येतात, त्याच्या कानाला इंग्रजी सिलेबल परका नाही. एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. वृत्तात ‘कमळ’ हा शब्द ३ अक्षरांचा धरतात आणि बोलताना आपण ‘क-मळ्’ असे दोनच सिलेबल उच्चारतो. वृत्ताने जुना, प्रत्येक ‘अ’ जपणारा उच्चार सांभाळला आहे. इंग्रजी शब्दाची मोजणी मात्र आजच्या तोंडच्या उच्चारावरच करावी लागते.

दोन स्वरांच्या मध्ये एकाहून अधिक व्यंजने आली तर सीमा कोठे घालायची, याचेही एक तत्त्व आहे. इंग्रजीत जितकी व्यंजने शब्दाच्या आरंभी शोभतात, तितकी पुढच्या स्वराकडे द्यायची आणि उरलेली मागे ठेवायची. न् आणि ट् या जोडीने एकही इंग्रजी शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘इन्-टर्’. स् आणि ट् या जोडीने मात्र अनेक शब्द सुरू होतात, म्हणून ‘इन्स्टिट्यूशन’ची विभागणी इन्-स्टि-ट्यू-शन् अशी होते. आपली परंपरा याहून वेगळी आहे. जोडव्यंजनातील पहिले व्यंजन मागच्या स्वराचे, असे प्रातिशाख्यांनी, म्हणजे वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांनी, सांगितले आहे, आणि त्या सवयीने मराठी कान ‘इन्स्-टि’ असे तोडू पाहतो. यात संख्या बदलत नाही, केवळ सीमा सरकते, म्हणून मोजणीच्या प्रश्नात त्याचे गुण कापू नयेत.

शेवटी आघाताविषयी. मराठीत आपण सगळे सिलेबल साधारण सारख्या जोराने उच्चारतो, त्यामुळे आपली मुले हा शब्द सपाट म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा मुख्य आघात ‘झे’वर आहे, आणि ‘इन्’ व ‘नॅ’ यांवर त्याहून हलका. ‘शन’ने संपणाऱ्या नामांत मुख्य आघात ‘शन’च्या लगेच आधी येतो, हा नियम ‘एज्युकेशन’, ‘इन्फर्मेशन’, ‘पॉप्युलेशन’ या सर्वांना लागू पडतो आणि मुलांना तो एका तासात येतो. ‘इंटरनॅशनलाइज’ या क्रियापदात मुख्य आघात ‘नॅ’वर असतो. त्याचे नाम झाले की तो ‘झे’वर सरकतो.

उत्तर : धारवाडची भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी

सरांनी कानाची बाजू सांगितली आहे. मी ३ तुकडे करणाऱ्या मुलांच्या बाजूने लिहिते, कारण त्यांनी शब्द अर्थाच्या जागी तोडला आहे. त्यांचे तुकडे आणखी बारीक केले की अर्थाचे ५ घटक मिळतात : इंटर, नेशन, अल, आइझ आणि एशन. भाषाविज्ञानात अशा सर्वांत लहान अर्थपूर्ण घटकाला रूपिम म्हणतात. वर्गात उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय एवढे शब्द पुरेत.

हे पाच घटक एका ओळीत शेजारी ठेवलेले नाहीत, ते एकावर एक चढलेले आहेत आणि बहुतेक पायऱ्यांवर शब्दाची जात बदलते. ‘नेशन’ हे नाम. त्याला ‘अल’ लागून ‘नॅशनल’ हे विशेषण होते. त्याच्या आधी ‘इंटर’ येऊन ‘इंटरनॅशनल’ होते, तेही विशेषणच, कारण इंग्रजीत उपसर्ग सहसा शब्दाची जात बदलत नाही. ‘आइझ’ लागले की क्रियापद आणि ‘एशन’ लागले की पुन्हा नाम. मुलांना मधला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे वाक्यात वापरायला सांगावा. जो शब्द वाक्यात उभा राहत नाही, ती पायरी खोटी. ‘इंटरनेशन’ असे साधे नाम इंग्रजीत रूढ नाही, म्हणूनच ‘इंटर’ हा ‘नेशन’ला न लागता ‘नॅशनल’ला लागला असे मानतात. अर्थाने पाहिले तर ‘राष्ट्राराष्ट्रांमधील’ असा ‘इंटर’चा संबंध सरळ ‘नेशन’शी आहे. रूप एका बाजूला आणि अर्थ दुसऱ्या बाजूला ओढतो, अशा शब्दांवर व्याकरणकारांनी पुष्कळ वाद घातला आहे, पण शाळेत त्यात शिरण्याचे कारण नाही.

याच घडणीचा मराठी शब्द मुलांच्या ओळखीचा आहे. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, हे त्यांनी समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असते. ‘राष्ट्र’पासून ‘राष्ट्रीय’ आणि त्यापुढे ‘राष्ट्रीयीकरण’. ‘करण’च्या आधी जो दीर्घ ‘ई’ येतो, तो संस्कृतातील च्वि प्रत्ययाचा परिणाम आहे आणि जे तसे नव्हते ते तसे करणे असा त्याचा अर्थ आहे. ‘शुद्धीकरण’, ‘स्पष्टीकरण’, ‘औद्योगिकीकरण’ यांतही तोच आहे. इंग्रजी ‘आइझ’ नेमके हेच काम करतो.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळते. कानाचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे का जुळत नाहीत? ‘राष्ट्रीयीकरण’ उच्चारून पाहावा : राष्-ट्री-यी-क-रण्. यातील ‘ट्री’ हा सिलेबल पाहा. त्यातील ट् आणि र् ही व्यंजने ‘राष्ट्र’ची आहेत आणि ‘ई’ हा स्वर ‘ईय’चा. प्रत्यय स्वराने सुरू झाला, म्हणून त्याने मागच्या घटकाची शेवटची व्यंजने आपल्याकडे ओढून घेतली. इंग्रजीतही हेच घडते. ‘अल’, ‘आइझ’, ‘एशन’ हे तिन्ही प्रत्यय स्वराने सुरू होतात. त्यामुळे ‘न’ या सिलेबलमध्ये व्यंजन ‘नेशन’चे आणि स्वर ‘अल’चा आहे, ‘लाय्’मध्ये ल् हा ‘अल’चा आणि उरलेले ‘आइझ’चे आहे, ‘झे’मध्ये व्यंजन ‘आइझ’चे आणि स्वर ‘एशन’चा आहे. सलग तीन सिलेबल दोन-दोन घटकांत वाटले गेले आहेत. म्हणून या शब्दाच्या उत्तरार्धात मुलांचा गोंधळ होतो आणि पूर्वार्धात होत नाही, कारण ‘इंटर’ आणि ‘नॅशनल’ यांच्यामधली सीमा कानालाही तीच आहे आणि अर्थालाही तीच. ‘नॅशनल’ची सुरुवात व्यंजनाने होते. ‘इंटरॅक्शन’मध्ये मात्र पुढचा ‘ॲक्शन’ स्वराने सुरू होतो, म्हणून उपसर्गाचा र् पुढे जाऊन इन्-ट-रॅक्-शन् असे होते.

याच्या उलट व्यंजनाने सुरू होणारे प्रत्यय मागच्या शब्दाला हात लावत नाहीत. ‘काइंड-नेस’, ‘गव्हर्न-मेंट’, ‘होप-लेस’, ‘नेशन-हुड’ यांत दोन्ही प्रकारचे तुकडे एकाच जागी पडतात. प्रत्यय स्वराने सुरू होतो की व्यंजनाने, एवढे पाहण्याची सवय मुलांना लागली, तर लांब शब्दातली सीमा कोठे सरकणार आहे हे त्यांना शब्द ऐकण्यापूर्वीच सांगता येते. माझ्या मते या सगळ्या विषयातील वर्गात नेण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

‘नेशन-हुड’ हा शब्द ‘ने’ आणि ‘नॅ’ यांचेही कोडे सोडवतो. ‘हुड’ हा इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक कुळातील जुना प्रत्यय आहे आणि तो मूळ शब्दाचा स्वर बदलत नाही. म्हणून ‘नेशनहुड’मध्ये ‘ने’ कायम राहतो. ‘अल’ हा लॅटिनमधून आलेला प्रत्यय आहे, आणि तसल्या प्रत्ययांमुळे मूळ शब्दातला दीर्घ स्वर शेवटून तिसऱ्या सिलेबलमध्ये जाऊन पडला की तो बहुधा ऱ्हस्व होतो. ‘सेन’चे ‘सॅनिटी’, ‘डिव्हाइन’चे ‘डिव्हिनिटी’, ‘सिरीन’चे ‘सिरेनिटी’ आणि ‘नेचर’चे ‘नॅचरल’ होते ते याच रीतीने. ‘ए’चा ऱ्हस्व ‘ॲ’ कसा, असे मुले विचारतील. मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन्ही स्वर एकाच जातीचे, एक दीर्घ आणि एक ऱ्हस्व असे होते. पुढे साधारण १५ व्या ते १८ व्या शतकांदरम्यान दीर्घ स्वरांचे उच्चार जागेवरून सरकले आणि ऱ्हस्वांचे फारसे सरकले नाहीत, म्हणून आज ती जोडी विजोड दिसते. या नियमाला ‘ओबीस’ आणि ‘ओबीसिटी’ यांसारखे अपवाद आहेत.

मुळांविषयी थोडेसे. ‘इंटर’, ‘अल’ आणि ‘एशन’ हे लॅटिनचे, तर ‘आइझ’ मुळात ग्रीक असून लॅटिन आणि फ्रेंच यांच्या वाटेने इंग्रजीत आला. ‘इंटरनॅशनल’ हे विशेषण जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८० च्या दशकात घडवले, म्हणजे तो शब्द ‘नेशन’च्या मानाने खूपच अलीकडचा आहे. ‘नेशन’च्या मुळाशी जन्मणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. तो संस्कृत ‘जन्’चा सगोत्र आहे, आणि ‘इंटर’ हा ‘अंतर्’चा.

उत्तर : शाहापूरचे मुद्रितशोधक

छापखान्याच्या कामातला अनुभव म्हणून थोडे लिहितो. बाईंनी शब्दकोशात पाहिलेले ठिपके हे मुख्यतः ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी दिलेले असतात. ते उच्चाराच्या जवळ असतात, पण उच्चाराचे तंतोतंत चित्र नसतात. कोशात ‘अल’ हा भाग सुटा दाखवलेला दिसतो. कानाला मात्र त्याचा ल् पुढच्या भागात ऐकू येतो, असे वर ताईंनी लिहिलेच आहे. म्हणून ठिपक्यांवरून संख्या घ्यावी, सीमा डोळे मिटून घेऊ नये.

ठिपक्यांच्या जागांबाबत इंग्रजांत आणि अमेरिकनांत जुना मतभेद आहे. इंग्रजी पद्धत शब्दाच्या घडणीकडे अधिक पाहते आणि ‘नॉलेज’ हा शब्द डब्ल्यूनंतर, म्हणजे ‘नो’ हे मूळ रूप राखून तोडते. अमेरिकन पद्धत उच्चाराकडे पाहते आणि एल हे अक्षरही पहिल्या भागात ठेवते. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरने १७८३ साली काढलेल्या शालेय स्पेलिंगच्या पुस्तकात उच्चाराप्रमाणे तोडण्याचा आग्रह धरला होता, त्याचा हा वारसा आहे. संगणकावर प्रबंध जुळवताना टेक्स ही प्रणाली वापरली, तर ती फ्रँक लियांगने १९८३ च्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या पद्धतीने शब्द आपोआप तोडते. तरीही एक अक्षर ओळीच्या टोकाला एकटे ठेवू नये, आणि तोडल्यामुळे भलताच शब्द दिसू नये, एवढे मनुष्याने पाहावेच लागते. ‘रीॲडजस्ट’ हा शब्द डी या अक्षरानंतर तोडला, तर पहिल्या ओळीत ‘रीड’ आणि दुसऱ्या ओळीत ‘जस्ट’ असे वाचले जाते.

उत्तर : उद्यमबागेतील संगणक अभियंता

आमच्या क्षेत्रात हाच शब्द रोज वापरावा लागतो, म्हणून एक छोटी भर घालतो. एखादे सॉफ्टवेअर अनेक भाषांत चालू शकेल अशी त्याची मूळ बांधणी करण्याला हा शब्द आहे, आणि तो लांब असल्यामुळे आय, मग १८ हा आकडा, मग एन असा लिहितात. पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधली १८ अक्षरे केवळ मोजली आहेत. ‘लोकलायझेशन’ हा शब्द याच रीतीने एल, १० आणि एन असा होतो. हे लघुरूप सिलेबलही पाळत नाही आणि अर्थाचे घटकही पाळत नाही. मुलांना ते कोठे दिसले, तर शब्दाची फोड म्हणून त्याकडे पाहू नये.

खानापूरच्या बाई

सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. ‘राष्ट्रीयीकरण’ फळ्यावर लिहून सुरुवात करण्याचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात ती मुले शेवटच्या ‘शन’नंतर एक बारीक ‘उ’ उच्चारतात आणि त्यांची मोजणी ९ होते. त्यांना काय सांगावे? आणि ‘एशन’ हा एकच प्रत्यय धरावा, की ‘एट’ आणि ‘इयन’ असे दोन?

उत्तर : निपाणीचा दुभाषिक

आमच्या घरी आई कन्नड आणि वडील मराठी बोलतात, त्यामुळे पहिल्या शंकेविषयी लिहू शकतो. कन्नड शब्दाला शेवटी स्वर हवा असतो, म्हणून इंग्रजीतून आलेले शब्दही ‘बस्सु’, ‘कारु’, ‘रोडु’ असे होतात. मराठीत याच्या उलट प्रवृत्ती आहे. शेवटचा ‘अ’ आपण टाकून देतो. आपल्या भागातील गावांची नावे हे उत्तम दाखवतात. खानापूर मराठीत खा-ना-पूर् असे ३ सिलेबलचे आहे, आणि कन्नडमध्ये ‘खानापुर’ असा शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारला जात असल्यामुळे ते ४ सिलेबलचे होते. बेळगाव मराठीत बेळ्-गाव् असे २ सिलेबलचे आहे आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेले कन्नड रूप बे-ळ-गा-वि असे ४ सिलेबलचे. आमची निपाणी दोन्ही भाषांत ३ सिलेबलचीच राहते, पण कन्नड रूपात प्प असे द्वित्त असल्यामुळे पहिला सिलेबल ‘निप्’ असा बंद होतो.

त्या मुलांना ‘तुमचा उच्चार चुकीचा’ असे म्हणण्याऐवजी गावाचे नाव दोन्ही भाषांत उच्चारून घ्यावे. आपण कोणत्या भाषेत कोणता स्वर वाढवतो किंवा गाळतो हे एकदा कानाला कळले, की इंग्रजीत ‘शन्’वर थांबायचे आहे हे सांगणे सोपे जाते. टाळ्या वाजवून मोजणे शक्यतो टाळावे, कारण टाळीबरोबर ‘शन्’ला जोर देताना स्वर वाढवण्याचा मोह होतो. हनुवटीखाली हात धरून जबडा किती वेळा खाली येतो ते मोजण्याची पद्धत बरी आहे, परंतु ‘श’ आणि ‘न’ यांसारख्या दुर्बळ स्वरांच्या जागी जबडा फारसा हलत नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

उत्तर : टिळकवाडीचे निवृत्त प्राध्यापक

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. ‘क्रिएशन’मध्ये ‘क्रिएट’ हे क्रियापद आधीपासून भाषेत आहे, म्हणून तेथे ‘एट’ हा क्रियापदाचाच भाग ठरतो आणि प्रत्यय केवळ ‘इयन’ उरतो. ‘ऑर्गनायझेशन’मध्ये ‘ऑर्गनायझेट’ असे क्रियापद नाही, ‘ऑर्गनाइज’ आहे. म्हणून ‘एशन’ हा एकच प्रत्यय. ‘इंटरनॅशनलाइज’चेही तसेच. त्यामुळे धारवाडच्या ताईंनी सांगितलेले ५ घटक मला मान्य आहेत. ‘नेशन’मधील ‘नॅट’ हा अंश ‘नेटिव्ह’ आणि ‘नेटल’ या शब्दांतही आहे हे इतिहासाच्या दृष्टीने खरे आहे, पण आजचा इंग्रजी बोलणारा माणूस ‘नेशन’ तोडून समजून घेत नाही, म्हणून शाळेत तो एकसंध ठेवावा.

परीक्षेत सिलेबलची संख्या विचारली तर ८ लिहावी, कारण कोशातील सुटे भाग तेच दाखवतात आणि संथ उच्चारात तेच ऐकू येतात. फळ्यावर वरच्या ओळीत इंटर, नेशन, अल, आइझ, एशन असे ५ घटक लिहावेत आणि खालच्या ओळीत इन्, टर्, नॅ, श, न, लाय्, झे, शन् असे ८ सिलेबल. मग खालच्या प्रत्येक सिलेबलपासून वरच्या ज्या घटकाचा किंवा घटकांचा तो अंश आहे, त्यांच्याकडे मुलांनाच रेघा ओढायला सांगाव्यात. ‘न’, ‘लाय्’ आणि ‘झे’ यांपासून प्रत्येकी दोन रेघा निघतील आणि बाकीच्या पाचांपासून एकेक.